जळगाव-धुळ्यात पाच-सहा जणांनी मिळून स्टुडिओ घ्यायचा तर

खानदेशात कलाकाराला जागा मिळत नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. जुन्या गावातले कुलूप लागलेले वाडे, मार्केटच्या वरच्या मजल्यावरचे गाळे, एमआयडीसीतली अर्धी रिकामी शेडं, जिनिंगची गोदामं अशी जागा भरपूर पडून आहे. नसते ती दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता भाडं भरण्याची व्यवस्था. सामाईक स्टुडिओ बंद पडतात ते भाडं जास्त असतं म्हणून नाही. सहातला एक जण निघतो, त्याचा वाटा पाचांवर येतो, वाढलेला आकडा बघून दुसरा निघतो आणि मग गळतीच लागते. म्हणून सुरुवात जागेपासून करू नका, माणसांपासून करा.

घरात काम होतच नाही असं नाही. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात कलामहर्षी केकी मूस यांनी १९८९ साली जाईपर्यंत घरालाच स्टुडिओ करून काम केलं, आणि लोक आजही तो बंगला बघायला जातात. पण दोन खोल्यांच्या घरात, गॅसच्या ओट्यापासून चार हातांवर टर्पेंटाइनची बाटली उघडावी लागते, तिथं बंगल्याचं उदाहरण काय कामाचं?

आधी माणसं ठरवा, पण दोस्तीवर नको

एटीडीच्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या वर्गातले चार मित्र एकत्र आले की स्टुडिओ होतो असं वाटतं. होत नाही. एकमेकांची चित्रं आवडणं आणि एका छताखाली रोज काम करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा: तुझ्या कामाची धूळ किती, वास किती, आवाज किती आणि तू कोणत्या वेळेला येणार?

तैलरंगात काम करणारा आणि फायबर घासणारा मूर्तिकार एका खोलीत चालत नाहीत. ओल्या कॅनव्हासवर फायबरचा भुगा बसला की तो निघत नाही. जलरंगवाला आणि शाडूवाला मात्र छान जमतात, दोघांनाही पाणी लागतं आणि दोघंही शांत. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला अंधारी खोली आणि धुण्याची जागा हवी, बाकी त्याचा त्रास नाही. सुतारकाम, ग्राइंडर, स्प्रे मशीन ज्याच्याकडे आहे त्याला अंगण किंवा गच्ची मिळणार असेल तरच घ्या. नाहीतर कितीही जवळचा असो, सुरुवातीलाच नाही म्हणा.

वेळेचा प्रश्न इथं जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे कलाकार बहुधा दुसरं काहीतरी करून कलाकार असतो. कोणी शाळेत चित्रकला शिकवतो, कोणी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो, कोणी लग्नसराईत स्टेज सजवतो. याचा फायदा घ्या. दिवसा येणारा आणि संध्याकाळी सातनंतर येणारा एकच टेबल वापरू शकतात, प्रत्येकाला अर्धा वाटा.

गटात मूर्तिकार असेल तर त्याचं वर्ष वेगळं चालतं हे सगळ्यांना आधी सांगा. पोळ्याचे बैल, मग गणपती, लगेच देवीच्या मूर्ती. आषाढापासून दसऱ्यापर्यंत त्याला तिप्पट जागा लागते आणि उरलेल्या वर्षात एक कोपरा पुरतो. वाटाही तसाच ठेवा: हंगामात तीन, एरवी अर्धा. वर्षभर सारखा वाटा ठेवलात तर हंगामात बाकीचे कुरकुरतील आणि उन्हाळ्यात तो.

माणसं चारच्या खाली नकोत, भाडं झेपत नाही. आठच्या वर नकोत, रोजची मिटिंगच होते.

गणित: सहा जण असाल तर पाचांनी भागा

समजा जागेचं भाडं ९,००० रुपये आहे. वीज वर्षाची सरासरी धरून महिना २,०००, पाणी आणि झाडलोट ८००, इंटरनेट ६००, दुरुस्तीसाठी बाजूला ६००. एकूण १३,०००. सहा जण असाल तर प्रत्येकी २,१६७ रुपये निघतात आणि सगळे खूश होतात. हा आकडा धरू नका. १३,००० ला पाचांनी भागा, २,६०० येतात. सहाही जणांनी २,६०० द्यायचे. दर महिन्याला २,६०० शिल्लक पडते आणि दहा महिन्यांत २६,००० होतात, म्हणजे पूर्ण दोन महिन्यांचा खर्च. एक जण गेला तरी कोणाचा वाटा एक रुपयानं वाढत नाही, नवा माणूस शोधायला सवड मिळते.

पाचांनी भागून आलेला आकडा एखाद्याला झेपत नसेल तर जागा महाग आहे. तो भिडेखातर हो म्हणेल, पण हा आकडा कमी करू नका, स्वस्त जागा शोधा.

वाटा माणशी ठेवण्यापेक्षा जागेवर ठेवा. साधारण १०० चौरस फूट, म्हणजे दहा बाय दहा, हा एक पूर्ण वाटा. टेबलावर काम करणाऱ्याला ६०-७० फूट पुरतात. पाच फुटी कॅनव्हास करणाऱ्याला १२० तरी हवेत, कारण चित्र बघायला आठ-दहा फूट मागे सरकावं लागतं. नुसतं कपाट आणि महिन्यातून चार दिवस बसायची सोय हवी असलेलेही निघतात. त्यांना पाव वाटा द्या. असे तीन जण असले तर विजेचं बिल जवळपास त्यांच्या पैशांतच निघतं.

पैसे कोणाच्या खासगी खात्यात नकोत. दोघांच्या नावानं वेगळं बचत खातं उघडा, यूपीआय त्याच खात्याला जोडा आणि बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. हिशेब रोज दिसला की भांडणाला विषय राहत नाही.

जागा कुठं शोधायची

मार्केटमधले वरचे गाळे. जळगावात फुले मार्केट, गोलाणी मार्केट अशा संकुलांत तळमजल्याला जे भाडं लागतं ते वर चढत जावं तसं उतरतं. गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, आपल्याला तसंही गिऱ्हाईक नको. फायदे: शटर, व्यापारी मीटर, खाली चहा. तोटे दोन. एक, रात्री संकुलाचं गेट बंद होतं. वॉचमनशी वेळ आधी ठरवा. दुसरा, संडास. बहुतेक संकुलांत सार्वजनिक संडास एक तर कुलूपबंद किंवा जाण्यासारखे नसतात. गटात मुली असतील, आणि असाव्यातच, तर त्यांना आधी घेऊन जा आणि त्यांनी नाही म्हटलं तर ती जागा सोडा. गाळा महापालिकेच्या मालकीचा असेल तर करार कोणाच्या नावावर आहे, त्याची मुदत शिल्लक आहे का आणि पोटभाडेकरू ठेवायला परवानगी आहे का, हे कागदावर बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

जुन्या गावातले वाडे. जुनं जळगाव, धुळ्याच्या नंबरच्या गल्ल्या, अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा इथं मुलं पुण्या-मुंबईला गेलेली, म्हातारा-म्हातारी एका बाजूला राहतात आणि माडी रिकामी, अशी घरं आहेत. धाब्याचं घर मिळालं तर उन्हाळ्याचा निम्मा प्रश्न सुटला. जाड भिंत आणि मातीचं धाबं भर मेमध्येही आत थंडावा ठेवतं. पण धाब्यातून वर्षभर माती झरते. ओल्या रंगावर ती पडू नये म्हणून कामाच्या जागेवर छताखाली मांजरपाटाचं कापड ताणून बांधा, चारही कडांना पट्ट्या ठोकून, मधे झोळ राहू न देता. दर दोन महिन्यांनी ते सोडून अंगणात झटकायचं. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती कोण टाकणार, मालक की तुम्ही, हे बोलून घ्या. शिवाय वाळवी बघा. दाराच्या चौकटीला मातीच्या नळ्या दिसल्या तर कॅनव्हासच्या लाकडी फ्रेमा तिथं भिंतीला टेकवून ठेवता येणार नाहीत, लोखंडी रॅक लागेल.

एमआयडीसीतली शेडं. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल आणि चटईचे कारखाने, धुळ्याला अवधानची वसाहत. शिल्पकारांना याहून चांगली जागा नाही: उंच छत, थ्री फेज, टेम्पो आत येतो, आवाजाची कोणाला पर्वा नाही. पण प्लॉट एमआयडीसीचा भाडेपट्ट्यानं घेतलेला असतो आणि तो पुढे दुसऱ्याला वापरायला द्यायचा तर मालकाला महामंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. 'चालतं हो, सगळे करतात' हे उत्तर पुरेसं नाही. डाळमिलच्या शेजारची शेड असेल तर दुपारी चालू मिलच्या वेळी जाऊन टेबलावर बोट फिरवून बघा. पिवळसर भुकटी लागली तर चित्रकारांनी नाद सोडावा.

जिनिंगची गोदामं. याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो आणि होळीच्या पुढेमागे ओसरतो. त्यानंतर गोदामं मोकळी. म्हणजे मूर्तिकाराला जागा लागते नेमकी तेव्हाच. चार महिन्यांसाठी गोदाम घ्यायचं आणि मुख्य स्टुडिओ लहान ठेवायचा, हा हिशेब बऱ्याच ठिकाणी जमतो. दोन गोष्टी सांभाळा. पत्रे गळतात का ते पहिल्या पावसात नाही, आधी बघा. आणि कोपऱ्यात रुई, सरकीचा कचरा साचलेला असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय आत वेल्डिंग, हीटगन काहीही नको.

सोसायटीतला फ्लॅट स्वस्त दिसतो, पण सोसायटीची ना-हरकत, लिफ्टमधून माती नेण्यावरून कटकट आणि घरगुती मीटर असा तिहेरी त्रास आहे. टाळा.

जागा बघायची ती दुपारी तीनला

दलाल सकाळी दहाला बोलावतो. नम्रपणे नाही म्हणा. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, आणि जागा राहण्यासारखी आहे का हे दुपारी तीन ते पाचच्या मधेच कळतं. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. हात ठेववत नसेल तर त्या भिंतीपासून चार फूट जागा उन्हाळ्यात वाया जाणार असं धरून क्षेत्रफळ कमी मोजा, भाडंही तेवढं कमी मागा. हिवाळ्यात बघत असाल तर छताकडे बघा: वर स्लॅब आणि स्लॅबवर काहीच नाही, म्हणजे तापणार. पावसाची ओल मालक रंगानं झाकतो. एकाच कोपऱ्यातला रंग ताजा दिसला तर टिचकी मारा; पापुद्रा सुटला की कळलं.

उजेडाबद्दल सगळे सांगतात उत्तरेची खिडकी घ्या. बरोबर आहे, उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. पण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या आसपास आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन थेट आत येतं. खिडकीवर दीड-दोन फुटांचं छज्जं हवं, नसेल तर पांढरं कापड लावायची सोय.

ऊन अडवायला खानदेशात सगळ्यांच्या डोक्यात पहिली येते ती शेडनेट. गच्चीवर जरूर लावा. ठिबकच्या दुकानात मिळते, स्लॅबपासून दोन-अडीच फूट वर ताणली तर खालून वारा खेळतो आणि स्लॅब बराच कमी तापतो. स्लॅबला चुना फासला तर आणखी फरक पडतो. पण हिरवी नेट खिडकीला कधीही लावू नका. तिच्यातून येणारा उजेड हिरवट असतो, डोळा त्याला सरावतो, आणि त्या उजेडात जुळवलेला अंगाचा रंग बाहेर नेल्यावर गुलाबी पडतो. खिडकीला पांढरी किंवा काळी. रात्रीच्या कामासाठी एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर आणि रंग ४,००० ते ५,००० केल्विन असं लिहिलेलं बघून घ्या. थोडी महाग पडते, पण रंगकामाला दुसरी चालत नाही.

मेजरटेप घेऊन जा आणि जिन्याचं वळण मोजा. मुंबईच्या गॅलरीत भिंत कितीही मोठी असो, तुमच्या चित्राचं माप जळगावच्या जिन्याचं वळण ठरवतं. खोलीत पाच बाय सहाचा कॅनव्हास ताणला आणि तो दारातून निघेना, तर फ्रेमवरून सोडून गुंडाळूनच न्यावा लागतो.

पाणी विचारताना 'पाणी आहे का' असं विचारू नका, उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. नळाला किती दिवसांआड येतं, टाकी किती लिटरची, टाकी फक्त तुमची की सगळ्या मजल्यांची, बोअर उन्हाळ्यात आटतो का, असं विचारा. धुळेकरांना हे सांगायला नको. शाडू, सिरॅमिक, स्क्रीन प्रिंटिंग करणारे गटात असतील तर ५०० लिटरची आपली वेगळी टाकी बसवायला जागा हवीच.

मालकाशी बोलणी

मालकाला 'आर्ट स्टुडिओ' म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही, आणि जिथं काही दिसत नाही तिथं माणूस वाईटच धरून चालतो. 'पोरं चित्रं काढतीन म्हंजे करतीन काय भो?' हा प्रश्न रागाचा नसतो. त्यामागे तीन धास्ती असतात: रात्री कोण कोण येणार, भिंती खराब होणार का, आणि पुढे जागा सोडणार का. तिन्हींची उत्तरं न विचारता द्या. गटातल्या सगळ्यात वयस्क माणसाला पुढे करा, शाळेतले सर असतील तर उत्तम. 'नाना, आम्ही सहा जण, ही नावं, हे आधार कार्ड. रात्री दहानंतर कोणी थांबणार नाही. जाताना भिंती पांढऱ्या करून देऊ.' मालक काका, नाना, आप्पा जे असतील त्यांना एकदा काम बघायला बोलवा. कोणाच्या तरी हातून त्यांच्या वडिलांच्या जुन्या फोटोवरून एखादं पेन्सिल पोर्ट्रेट झालं तर भाडेवाढीची बोलणी बरीच सोपी जातात. याला लाच म्हणायचं की शेजारधर्म, तुम्ही ठरवा.

भाडं कमी करून मागण्यापेक्षा दोन गोष्टी मागा: पहिले दोन महिने निम्मं भाडं, कारण साफसफाई आणि वायरिंग तुम्ही करणार, आणि तीन वर्षांची बोली, दर वर्षी ठरलेल्या टक्क्यांनी वाढ. तुम्ही रंगवून, लाइट बसवून जागा चांगली केली आणि अकरा महिन्यांनी मालकाला ती दुप्पट किमतीची वाटायला लागली, असं होतंच.

करार नोंदवूनच घ्या

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा गैरसमज महाराष्ट्रात घट्ट बसलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. हे मालकाला सांगितलंत की तोही तयार होतो. नोंदणी घरबसल्या, अंगठ्याच्या ठशानं होते.

खर्चाला घाबरण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. ३६ महिन्यांचा करार, भाडं ९,०००, परत मिळणारं डिपॉझिट ५०,००० असेल तर: भाडं ३,२४,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचं मानीव व्याज १५,०००, एकूण ३,३९,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ८५० रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीणला ५००. वर एजंट घेतो ते. सहा जणांत वाटलं तर माणशी एका चांगल्या ब्रशाची किंमत.

करारात या ओळी आहेत का ते वाचा. वापर 'चित्रकला व शिल्पकलेचा स्टुडिओ' असा लिहिलेला हवा. 'गोडाऊन' किंवा नुसतं 'व्यवसाय' नको. परवानाधारक, म्हणजे जागा भाड्यानं घेणारे म्हणून दोन-तीन नावं हवीत आणि पुढे 'त्यांचे सहकारी कलाकार' जागा वापरतील असं स्पष्ट हवं, नाहीतर उद्या पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप होतो. बाहेर पडायची नोटीस दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची. डिपॉझिट चेकनं किंवा यूपीआयनं. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची ती त्याच आठवड्यात देऊन टाका.

वीज

आधीचं बिल मागा आणि त्यावर तीन गोष्टी बघा: थकबाकी, वर्गवारी, मंजूर भार. थकबाकी मालकानं भरल्याशिवाय किल्ली घेऊ नका. घरगुती मीटरवर व्यावसायिक वापर केला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते, तीही मागच्या महिन्यांची धरून. आणि क्लास घेतलात, कामं विकलीत की वापर घरगुती राहत नाही. व्यापारी मीटर महाग वाटतं, पण शांत झोप लागते. विजेची भट्टी बसवायची असेल तर भार आधी वाढवून घ्या, नंतर नाही.

एसीच्या मोहात पडू नका. दीड टनाचा एसी चालू असताना तासाला सव्वा ते दीड युनिट खातो. मोठा कूलर दोनशे वॅटच्या आसपास, म्हणजे पाच तासांत एक युनिट. आपला उन्हाळा कोरडा आहे, जूनच्या पावसापर्यंत कूलर फक्कड चालतो. फक्त कूलरच्या झोतासमोर कागद आणि कॅनव्हास ठेवू नका, कागद फुगतो, कॅनव्हास सैल पडतो. उलट शाडू आणि सिरॅमिकवाल्यांना कूलरजवळ बसवा. कोरड्या हवेत माती वरून सुकते, आतून ओली राहते आणि तडकते. मूर्तीवर ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक हे रोज संध्याकाळी झालंच पाहिजे.

आणि मेमध्ये कामाची वेळच बदला. सकाळी सहा ते अकरा, मग संध्याकाळी सहानंतर. यासाठी सहाला शटर उघडता यायला हवं, म्हणून किल्ल्या किमान तिघांकडे.

आग आणि गटार

या दोन गोष्टींवर स्टुडिओ एका दिवसात बंद होतो.

जवसाच्या तेलाच्या, म्हणजे लिनसीडच्या चिंध्या आपोआप पेटतात. तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि गरम होतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकला की ती उष्णता आत कोंडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बंद शटरमागे, हा धोका कितीतरी वाढतो. झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, तळाला पाणी ठेवा, चिंधी त्यातच जाईल आणि डबा रोज शेवटच्या माणसानं बाहेर रिकामा करायचा. टर्पेंटाइन, थिनर, रेझिन एका लोखंडी कपाटात, महिन्याला लागेल तेवढंच. एबीसी पावडरचं आयएसआय मार्क असलेलं अग्निशामक दाराजवळ टांगा, आतल्या कोपऱ्यात नको; आग लागल्यावर आत कोण जाणार?

पीओपी आणि शाडूचं पाणी सरळ मोरीत सोडलं तर पाइपात दगड होतो आणि खालच्या मजल्याचा दुकानदार वर येतो. दोन बादल्या ठेवा. पहिलीत हात आणि भांडी धुवायची, रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी दुसरीत ओतायचं, तिथलं निवळलं की मगच मोरीत. गाळ वाळवून कचऱ्यात. ऐकायला किचकट, करायला पाच मिनिटांचं काम.

आपसातला कागद

मालकाशी करार सगळे करतात, एकमेकांशी कोणी करत नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एक पान पुरे. त्यात एवढं असू द्या: कोणाचे किती वाटे, डिपॉझिटमध्ये कोणी किती घातले, सोडायचं तर दोन महिन्यांची नोटीस किंवा बदली माणूस, सोडल्यावर ३० दिवसांत काम आणि सामान न नेल्यास काय करायचं, सामाईक पैशांतून घेतलेल्या वस्तू कोणाच्या. शेवटचं कलम फालतू वाटतं, पण कूलरवरून मैत्री तुटलेली बघितली आहे.

नवा माणूस घेताना सगळ्यांची संमती हवी, काढताना बहुमत पुरे. उलट ठेवलंत तर कोणालाच काढता येत नाही.

पहिल्या वर्षी संस्था नोंदवायच्या भानगडीत पडू नका. १८६० च्या कायद्याखाली संस्थेला सात सभासद लागतात, मग सार्वजनिक न्यासाची नोंदणी, दर वर्षी हिशेब तपासणी, बदल अर्ज. सरकारी अनुदान किंवा देणगी घ्यायची वेळ आली की मग बघा. प्रत्येकानं आपापली उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र करून घ्यावी, ती फुकट आहे.

भाड्याला हातभार

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे क्लास हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. कला संचालनालयाच्या या परीक्षांना खानदेशातल्या शाळांतून मुलं भरपूर बसतात, दहावीला वाढीव गुणही मिळतात. शनिवार-रविवार ठरलेली वेळ ठेवा. क्लास घेणाऱ्यानं जास्तीचा अर्धा वाटा द्यावा, कारण मुलं पाणी सांडतात आणि इझल पाडतात. नोकरीतल्या शिक्षकानं मात्र स्वतः क्लास घेऊ नये: शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई करतं. क्लास बाहेरच्या सभासदानं चालवावा.

मूर्तिकार, कुंभार, खेळणी करणारे गटात असतील तर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना त्यांच्यासाठी आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. अठरा व्यवसायांच्या यादीत चित्रकार नाही, तेव्हा चित्रकारांनी त्या रांगेत वेळ घालवू नये.

कधी सुरू करायचं

दिवाळीनंतर. गणपती-देवीची घाई संपलेली असते, मूर्तिकाराच्या हातात पैसे असतात, हवा चांगली असते आणि वायरिंग-रंगाची कामं पटापट होतात. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पाच-सहा महिने मिळतात, तेवढ्यात गच्चीची नेट आणि कूलर यांचे पैसे त्या २,६०० च्या शिल्लकीतून निघतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की सगळ्यांनी एकदा एकत्र येऊन छत, खिडक्या आणि रॅकची खालची फळी बघा, गळतीचे फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. आणि कराराची मुदत संपायच्या तीन महिने आधी नव्या भाड्याची बोलणी काढा. शेवटच्या आठवड्यात काढलीत तर आकडा मालकच ठरवतो.